मायको पंपापासून ईसीएमपर्यंत : आदिलाबादच्या मिस्त्रींचा धंदा

दिवाळीच्या आगेमागे आदिलाबादच्या बाजार समितीत कापूस यायला लागतो. बैलगाड्या येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात आणि त्यांच्यामधून वाट काढत, कठड्याच्या वर हातभर फुगलेला कापूस जाळ्याने बांधलेल्या पिकअप येतात. जैनथ, बेला, बोथ, इचोडा या मंडळांतल्या जुन्या गाडीवर एपी ०१ असतं, मधल्या काळातल्या गाडीवर टीएस ०१ आणि मार्च २०२४ नंतरच्या गाडीवर टीजी ०१. शेजारी यवतमाळची एमएच २९ किंवा नांदेडची एमएच २६ उभी असली तरी कुणाला नवल वाटत नाही. पैनगंगा ओलांडली की राज्य बदलतं. पीक, माती आणि बाजारातली बोली तीच राहते.

भरलेली पिकअप ऐन हंगामात रस्त्यात बंद पडली तर काय होतं, हे कापूस पिकवणाऱ्या घरात समजावून सांगावं लागत नाही. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. आदिलाबाद हा तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. दवात उघड्यावर काढलेली एक रात्र भावावर उतरू शकते. त्यामुळे बंद गाडी वेळेत चालू करून देणारा मिस्त्री हा इथल्या शेतीच्याच साखळीतला माणूस आहे.

या मिस्त्रीचं काम गेल्या काही वर्षांत मुळापासून बदललं आहे. पूर्वी बंद गाडीजवळ पोचल्यावर तो आधी डिझेलच्या पाइपला हात घालायचा. आता तो चावी फिरवून डॅशबोर्डकडे बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "चेक लाइट येते का?" इंजिनचा कारभार आता एका ॲल्युमिनियमच्या डब्याच्या हातात आहे. त्याला कुणी ईसीयू म्हणतं, कुणी ईसीएम. हा डबा आदिलाबादसारख्या सीमेवरच्या गावापर्यंत कसा आला, आणि तो बिघडला की मिस्त्री काय करतो, हे बघायचं तर आधी रस्त्याकडे बघायला हवं.

आदिलाबाद जिल्हा झाला १९०५ मध्ये, निजामाच्या राज्यात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा जुना मार्ग पैनगंगा उतरून इथूनच निर्मळच्या घाटाकडे जातो. नागपूर इथून सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. बराच काळ या रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे सुतार आणि लोहार यांचं काम होतं. चाकाची धाव तापवून चढवायची, आरा बदलायचा, कणा बसवायचा. हे कसब अजून पुरतं संपलेलं नाही. केसलापूरच्या नागोबा जत्रेला मेसराम कुळातली गोंड कुटुंबं आजही बैलगाड्यांनी येतात, आणि गाडी धड असल्याशिवाय तो प्रवास होत नाही.

यंत्राची दुरुस्ती या मुलखात सरकारी मार्गाने आली. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने रस्ते वाहतुकीचा विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बस होत्या. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. सरकारी बसवाहतुकीची देशातली ही फार जुनी सुरुवात आहे. बस आली की डेपो येतो, डेपो आला की फिटर येतो आणि फिटरच्या हाताखाली पोरं तयार होतात. ती पोरं पुढे स्वतःची शेड टाकतात. दख्खनमधल्या कितीतरी गावांत गॅरेजचा धंदा असाच रुजला.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आज ते नांदेड आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आला. ११ ऑक्टोबर २०१६ ला त्याचे चार जिल्हे झाले. नकाशा इतक्या वेळा बदलला तरी गिऱ्हाईक तेच राहिलं. म्हणून आदिलाबादच्या गॅरेजमध्ये आजही मराठी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच वाक्यात ऐकू येतात. मालक मराठीत तक्रार सांगतो, मिस्त्री पोराला दख्खनीत हाक मारतो आणि फोनवर पार्टवाल्याशी तेलुगूत बोलतो. हत्यारांची नावं मात्र तिन्ही भाषांत एकच.

स्वातंत्र्यानंतर ट्रक आले. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून ट्रक बनवायला घेतले. त्याआधी १९५१ मध्ये बेंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजेच मायको सुरू झाली होती. बॉश या जर्मन कंपनीचं तंत्र घेऊन ती डिझेलचे पंप आणि नोझल बनवू लागली. पुढे तिचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आला, आणि नाशिककरांच्या तोंडी ‘मायको सर्कल’ कायमचं बसलं. देशभरच्या डिझेल मिस्त्रींचं निम्मं आयुष्य या पंपाभोवती गेलं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

त्या काळातलं कसब किती बारीक होतं, हे नोझल तपासताना दिसायचं. नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर बसवायचा. दांडा दाबला की घड्याळाचा काटा चढायचा आणि ठरावीक दाबाला नोझल उघडून डिझेलचा फवारा बाहेर पडायचा. फवारा धुक्यासारखा बारीक आणि सगळीकडे सारखा पडला, ‘कर्र’ असा कोरडा आवाज आला आणि नंतर टोकाला थेंब लोंबला नाही, तर नोझल चांगला. धार पडली किंवा टोक ओलं राहिलं, तर तो सिलेंडर धूर मारणार. पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला उस्ताद हे डोळे आणि कान यांच्या भरवशावर सांगायचा आणि ते बरोबर निघायचं.

गाडी ‘मिसिंग’ मारते आहे, म्हणजे एक सिलेंडर काम करत नाही, हे शोधायची रीतही सोपी होती. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट थोडं ढिलं करायचं. ज्याचं नट सोडल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलेंडर आधीच मेलेला. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तर हाताने पंप मारून एअर काढायची. बॅटरी उतरली तर चार जणांनी धक्का द्यायचा. विजेचा संबंध स्टार्टर आणि दिवे यांच्यापुरता. एकदा सुरू झालेलं जुनं डिझेल इंजिन बॅटरी काढून घेतली तरी चालत राहायचं.

जीपच्या बाबतीत तर शेतकऱ्याला आणि मिस्त्रीला एकच इंजिन दोन ठिकाणी भेटायचं. महिंद्राने एकेकाळी आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. नंतर प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीच्या कारखान्यात बनलेलं इंजिन आलं. उटनूरच्या डोंगराळ भागात माणसं आणि माल वाहणारी जीप बंद पडली, तर ट्रॅक्टर जाणणारा कुणीही तिला हात लावू शकायचा. दुर्गम भागासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

लहान मालगाडीचा जमाना टप्प्याटप्प्याने आला. बजाज टेम्पोची मॅटॅडोर, १९८६ ची टाटा ४०७, १९८८ ची टाटामोबाइल. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी करार करून हलके ट्रक बनवणारे कारखाने उभे राहिले. त्यातला ऑल्विन-निसान जहीराबादला, म्हणजे आजच्या तेलंगणातच होता आणि १९८९ मध्ये तो महिंद्राकडे गेला. मे २००५ मध्ये टाटा एस आली. गिरीश वाघ या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही ७०२ सीसी, दोन सिलेंडरची गाडी ‘छोटा हत्ती’ म्हणून गल्लीबोळांत पोचली. बोलेरो २००० मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावाची पिकअप पुढे कापूस, भाजी, सिमेंट आणि वऱ्हाड या सगळ्यांची गाडी झाली. यातल्या बहुतेक गाड्यांचा पंप अजून जुन्या जातीचा होता, त्यामुळे मिस्त्रीची विद्याही चालत राहिली.

बदल आला तो धुरामुळे.

२००१ मध्ये केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातल्या माशेल गावच्या या शास्त्रज्ञाच्या समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. इंधन आणि गाड्या दोन्ही कोणत्या वर्षी किती स्वच्छ व्हायला हव्यात, याचा आराखडा त्यात होता. त्यावर २००३ चं वाहन इंधन धोरण उभं राहिलं. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४, म्हणजे बीएस-४, हे धुराचं मानक आधी १३ शहरांत लागू झालं. त्यात हैदराबाद होतं, पुणे होतं, सोलापूरही होतं. आदिलाबाद नव्हतं आणि नागपूरही नव्हतं. म्हणजे रस्ता एकच, पण त्याच्या दक्षिण टोकाला नवी गाडी एका नियमाने विकली जात होती आणि मधल्या गावांत दुसऱ्या. सात वर्षं हा फरक राहिला. त्या सात वर्षांत हैदराबादच्या मिस्त्रींना कॉम्प्युटरच्या गाड्यांची सवय होत गेली आणि आदिलाबादच्या मिस्त्रीला वाटत राहिलं की जुना पंप अजून बराच काळ टिकेल.

१ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची शिल्लक विकायलाही मनाई केली. तेव्हा देशात अशी सुमारे ८.२४ लाख वाहनं पडून होती, बहुतेक दुचाकी. शेवटच्या दोन दिवसांत शोरूमपुढे झुंबड उडाली. त्यानंतर विकल्या गेलेल्या बहुतांश डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल आणि ईसीएम आले. लगेच तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ आलं आणि धुराचा फिल्टर, आणखी सेन्सर, आणखी वायरिंग घेऊन आलं. मोठ्या शहरांना दहा वर्षांत मिळालेला बदल लहान गावांना तीन वर्षांत पचवावा लागला. धोरण योग्यच होतं; धूर कमी व्हायलाच हवा होता. पण त्याच्या जोडीने मिस्त्रीच्या शिक्षणाचं धोरण आलं नाही, ही त्यातली खरी उणीव.

कॉमन रेल हे तंत्र इटलीत फियाटच्या संशोधन केंद्रांत वाढलं, १९९४ मध्ये बॉशने ते घेतलं आणि १९९७ मध्ये ते युरोपच्या मोटारींत आलं. भारतात मायकोचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं. म्हणजे जुन्या पंपावर ज्या घराण्याचा शिक्का होता, त्याच घराण्याचा शिक्का नव्या डब्यावरही बऱ्याचदा दिसतो. फरक कामाच्या पद्धतीत आहे. जुना पंप घरोघर घागर मोजून द्यावी तसं प्रत्येक सिलेंडरला डिझेल पोचवायचा. कॉमन रेलमध्ये गावाच्या टाकीसारखी एक नळी सतत दाबाखाली भरलेली असते आणि प्रत्येक इंजेक्टर हा विजेने उघडणारा नळ असतो. तो कधी उघडायचा आणि सेकंदाच्या किती हजाराव्या भागापुरता, हे ईसीएम ठरवतो. त्यासाठी तो क्रँक आणि कॅमचे सेन्सर, पेडल, हवेचा दाब, पाण्याचं तापमान आणि रेलचा दाब सतत वाचत असतो.

हा दाब रिकाम्या गिअरवर साधारण २५० ते ३०० बार असतो आणि पूर्ण ताकदीला १६०० बारच्या घरात जातो. म्हणूनच पाइपचं नट ढिलं करून मेलेला सिलेंडर शोधायची जुनी रीत इथे जीवघेणी आहे. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली गेली पाहिजे.

आता डब्याच्या दुखण्याकडे येऊ. पिकअप फिरते पण उचलत नाही, किंवा चालता चालता बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते. मालक गॅरेजमध्ये येतानाच निदान घेऊन येतो, "ईसीएम उडाला." गावोगावच्या गॅरेजांत या शब्दाचा धसका आहे, कारण नवा डबा बसवायचा तर कंपनीच्या वर्कशॉपची वाट धरावी लागते आणि खर्च हजारोंत जातो. चांगला मिस्त्री मात्र डब्याला सगळ्यात शेवटी दोष देतो. अनुभव हेच सांगतो की डबा उडाला म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरींचा दोष डब्याबाहेर असतो.

तो सुरुवात बॅटरीपासून करतो. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ मारताना ते फार खाली जाता कामा नयेत. कडाक्याच्या थंडीत कमजोर बॅटरी सेल्फ मारताना इतकी खाली बसते की ईसीएम क्षणभर झोपतो आणि गाडी उचलत नाही. मग चावी लावून चेक लाइट बघायची. दिवा लागलाच नाही आणि स्कॅनरही डब्याशी बोलला नाही, तर डब्याला वीज पोचते का, हा पुढचा प्रश्न. फ्यूज, मेन रिले, मग अर्थ.

इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. मल्टिमीटर लावला तर ईसीएमच्या वायरवर १२ व्होल्ट स्वच्छ दिसतात आणि नवशिका समजतो की वीज येते आहे, म्हणजे डबाच गेला. पण वायरच्या आतल्या तारा कुजून एकच शिल्लक राहिली असेल, तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. त्याच वायरवर हेडलाइटचा बल्ब लावला तर तो मिणमिणतो. ओझं पडल्यावर वायर उघडी पडते. दोन वायरी जोडलेला जुना बल्ब अल्बियन आणि टेल्कोच्या काळापासून इलेक्ट्रिशियनच्या खिशात आहे, आणि हजारो रुपयांच्या स्कॅनरला जे कळत नाही ते तो आजही सांगतो. अट एकच: बल्ब डब्याचा कप्लर काढून, फक्त वीज आणि अर्थ यांच्या वायरींवर लावायचा. सेन्सरच्या वायरीवर लावला तर धड असलेला डबाही जायचा.

वीज आणि अर्थ ठीक निघाले तर पाच व्होल्टची लाइन. ईसीएम बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो आणि अनेकदा दोन-तीन सेन्सर एकाच लाइनवर असतात. त्यातल्या एकाची वायर सायलेन्सरजवळ वितळून बॉडीला टेकली, की सगळी लाइन शून्यावर येते आणि डबा मेल्यासारखा दिसतो. अशा वेळी एकेक सेन्सरचा कप्लर काढत जायचा. ज्याचा कप्लर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो दोषी. काही शे रुपयांच्या सेन्सरपायी चांगला डबा बदलला जाण्याची चूक इथेच होते. कॅन लाइन, म्हणजे डब्यांच्या आपसातल्या बोलण्याची तार, असलेल्या गाडीत बॅटरी काढून स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजायचा. ६० ओहमच्या आसपास आला तर लाइन शाबूत. १२० आला तर एका टोकाला काहीतरी तुटलं आहे.

स्कॅनरचा कोड ही फक्त दिशा असते. यू०१०० म्हणजे ईसीएमशी बोलणं तुटलं; त्याचं कारण डबा असेल किंवा उंदराने कुरतडलेली वायर. पी०६०६ हा कोड डब्याच्या आतल्या प्रोसेसरकडे बोट दाखवतो, तरी तोही वीज आणि अर्थ तपासल्यानंतरच खरा मानायचा. सगळं तपासून झालं, वीज पोचते, अर्थ पक्का आहे, पाच व्होल्टची लाइन सेन्सर काढूनही उठत नाही, किंवा डब्यातला एखाद्या इंजेक्टरला वीज देणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, वायरिंग धड असूनही मुका आहे, तर मात्र डबा उघडायची वेळ आली.

डबे मरतात कशाने? या भागातली कारणं इथल्या रस्त्याने आणि हंगामाने ठरवलेली आहेत. महामार्गावरचे मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात आणि पिकअप १२ व्होल्टची. थंडीच्या पहाटे बॅटरी उतरली की ड्रायव्हर शेजारच्या ट्रकची केबल लावून घेतो, आणि नको तेवढं व्होल्टेज थेट डब्यात शिरतं. कापसासाठी कठडा उंच करताना वेल्डिंग होतं. बॅटरी आणि डबा न सोडता आर्क मारला तर त्याचा करंट चेसिसमधून कुठूनही वाट काढतो. सरकी आणि धान्य वाहणाऱ्या गाडीत उंदीर घर करतात. चिखल काढायला सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणी मारलं की कप्लरमध्ये ओल राहते आणि महिन्याभरात पिना हिरव्या पडतात. शेवटचं कारण सगळ्यात साधं आहे, इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजलेली किंवा दुरुस्तीनंतर लावायचीच राहिलेली.

डबा बदलायचा ठरला तरी काम नट-बोल्टांवर संपत नाही. पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत डबे वेगळे असतात. नव्या डब्यात त्या गाडीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं. चोरीविरोधी इमोबिलायझर असेल तर चावीची ओळख पटवावी लागते. शिवाय प्रत्येक इंजेक्टरवर कारखान्यात कोरलेला कोड डब्याला द्यावा लागतो, कारण कुठलेही दोन इंजेक्टर अगदी सारखं डिझेल सोडत नाहीत. कोड न भरता गाडी दिली तर ती चालते, पण थरथरते, धूर मारते आणि मालक आठवड्याने परत येतो.

दुसरी वाट जुन्या डब्याची. दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगार बाजारांतून निघालेले डबे देशभर फिरतात. जुन्या डब्यातली माहिती वाचून दुसऱ्या डब्यात जशीच्या तशी उतरवली तर चावी आणि कोडिंगचा प्रश्न सुटतो. तिसरी वाट बोर्ड दुरुस्तीची. उष्ण हवेच्या गनने जळालेला ड्रायव्हर किंवा कपॅसिटर काढून नवा बसवणारे कारागीर हैदराबाद, नागपूरसारख्या शहरांत आहेत. आदिलाबादचा मिस्त्री डबा काढून तिकडे पाठवतो आणि तोवर गाडी उभी राहते. नोझल आणि पंपाच्या बाबतीतही एकेकाळी असंच होतं. कॅलिब्रेशनचं बेंच आधी मोठ्या शहरात आलं, मग हळूहळू लहान गावांत. या धंद्यात विद्या नेहमी शहरातून गावाकडे उतरत आली आहे.

या वेळी मात्र तिच्या वाटेत कुलूप आहे. नोझल टेस्टर पैसे देऊन कुणालाही विकत घेता यायचा. ईसीएमचं सॉफ्टवेअर, कंपनीचा मूळ स्कॅनर आणि वायरिंगचे नकाशे हे कंपनीच्या परवानगीच्या मागे आहेत. चोरी रोखायला काही कुलूप हवंच, हे मान्य. पण दुरुस्तीच रोखणारं कुलूप अन्यायाचं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात हेच म्हटलं होतं. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला गेला. कंपन्या अपिलात गेल्या. तो आदेश मोटारींबद्दलचा होता, पण पिकअपला आणि तिच्यावर पोट असलेल्या माणसाला तोच न्याय लागू पडतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही घेतली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू केलं. कापसाच्या हंगामात रस्त्यात अडकलेल्या गाडीला पोर्टलपेक्षा जवळच्या मिस्त्रीच्या हातातला वायरिंगचा नकाशा जास्त उपयोगी आहे.

तेलंगण सरकारने २०२४ मध्ये पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर ६५ आयटीआय अद्ययावत करण्याचं काम हाती घेतलं. ते चांगलंच आहे. त्या वर्गात बसणाऱ्या मुलाला पाच व्होल्टची लाइन आणि अर्थ तपासण्याची रीत तेलुगूत आणि मराठीत छापून मिळावी, आणि गॅरेजमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या मिस्त्रीलाही संध्याकाळच्या वर्गात जागा मिळावी. त्याच्याकडे शाळेचा दाखला नसेल, पण बल्ब कसा लावायचा हे त्याला कुणी शिकवायला नको. पैनगंगेच्या महाराष्ट्राकडच्या तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयंनीही यात हात घालायला हरकत नाही. गिऱ्हाईक दोन्ही काठांचं आहे.

पिकअप असणाऱ्या प्रत्येकाने हंगामाआधी एवढं जरूर करावं. कठड्याला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह आणि ईसीएमचा कप्लर काढायला लावा. २४ व्होल्टच्या ट्रकची केबल आपल्या गाडीला लावू देऊ नका. अर्थची पट्टी घासून घट्ट करून घ्या. आणि कुणी बघताक्षणी डबा बदलायला सांगितलं, तर पैसे काढण्याआधी विचारा : वीज आणि अर्थ बल्ब लावून तपासले का?